उद्योगनगरीचे पहिले नगराध्यक्ष : 'कारखानदार' या शब्दाच्या दोन अर्थांविषयी

'कारखानदार' हा शब्द पुणे जिल्ह्यात दोन अर्थांनी वापरला जातो, आणि तो कोणत्या रस्त्यावर उच्चारला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. मुंबई रस्त्यावर, म्हणजे खडकी ओलांडून पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या बाजूला, कारखानदार म्हणजे यंत्रे, स्कूटर, मालमोटारी किंवा बेअरिंग तयार करणाऱ्या कंपनीचा मालक. सोलापूर रस्त्यावर, हडपसर ओलांडून मांजरी, लोणी, थेऊरच्या बाजूला, कारखानदार म्हणजे सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष. पहिल्याची मालकी भागभांडवलावर असते. दुसरा कायद्याने कशाचाच मालक नसतो. हजारो ऊसउत्पादक सभासदांपैकी तो एक सभासद असतो आणि निवडणुकीने खुर्चीवर बसलेला असतो, तरीही लोक त्याला कारखानदारच म्हणतात. लोकांच्या या शब्दयोजनेत जो उपरोध आहे तो मराठी साहित्यव्यवहाराने फार लवकर ओळखला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या १९७५ च्या 'सामना'मधील हिंदुराव धोंडे पाटील हा या दुसऱ्या अर्थाच्या कारखानदाराचा मराठी कल्पनाशक्तीतील कायमचा चेहरा होऊन बसला आहे. पहिल्या अर्थाच्या कारखानदाराला, म्हणजे आकुर्डी-चिंचवडच्या कारखानदाराला, असा चेहरा आपल्याकडे मिळाला नाही. विद्यार्थ्यांनी एकदा या उणिवेचा विचार करून पाहावा.

आम्हांला येथे साहित्याविषयी बोलायचे नसून इतिहासातील एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. पिंपरी-चिंचवड या शहराला 'उद्योगनगरी' असे बिरुद आहे. या उद्योगनगरीची नगरपालिका ४ मार्च १९७० रोजी अस्तित्वात आली, आणि तिचे पहिले नगराध्यक्ष अण्णासाहेब मगर हे कारखानदारच होते. मात्र ते दुसऱ्या अर्थाचे कारखानदार होते. शहराच्या हद्दीत ज्यांची धुराडी उभी होती त्यांपैकी ते कोणी नव्हते. ते पुण्याच्या दुसऱ्या टोकाच्या हडपसरचे, शेतकरी कुळातले, थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक म्हणून ओळखले जाणारे. पोलाद आणि पेनिसिलिनच्या गावाला पहिला अध्यक्ष मिळाला तो उसाच्या गावातून आलेला. ही विसंगती आम्हांला योगायोगाची वाटत नाही. या शहराच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या राजकारणाचा स्वभाव तीत दडलेला आहे, असे आमचे मत आहे.

उद्योजकाने नगरप्रमुख व्हावे ही जगाच्या इतिहासात नवलाची गोष्ट नाही. दक्षिण अमेरिकेतील शहरांत व्यापारउदीम सांभाळून नगराचे प्रमुखपद मिळविणारी माणसे आढळतात. चिलीमध्ये तर सेबास्तियन पिन्येरा हे उद्योगपती २०१० साली थेट राष्ट्राध्यक्ष झाले. या प्रकारचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. जोसेफ चेंबरलेन हे बर्मिंगहॅममधील स्क्रूच्या मोठ्या कारखान्याचे भागीदार. १८७३ ते १८७६ या काळात ते त्या शहराचे महापौर होते. धंद्यातला आपला हिस्सा विकून ते पूर्ण वेळ सार्वजनिक कामात उतरले, खासगी गॅस कंपन्या आणि पाणीपुरवठा त्यांनी नगरपालिकेच्या ताब्यात आणला, शहराच्या मध्यभागातील गलिच्छ वस्ती हटवून नवा रस्ता काढला. त्यांना या कामाची गरज का भासली? कारखान्याचे मजूर ज्या पाण्याने आजारी पडत होते ते पाणी शहराचे होते. कारखान्याचे हित आणि शहराचे हित यांची गाठ पाण्याच्या नळाशी पडत होती. मग आकुर्डीला किंवा चिंचवडला असा एखादा चेंबरलेन का निपजला नाही?

याचे उत्तर शोधण्यासाठी या पट्ट्याच्या जडणघडणीकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीचे आणि देव संस्थानाचे गाव. चापेकर बंधूंचे गाव. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला तो याच गावांच्या शिवारातून. परंतु लोहमार्ग आला म्हणून कारखाने आले असे झाले नाही. त्यासाठी आणखी शंभर वर्षे जावी लागली. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली, आणि १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. साठीच्या दशकात मग ओघच लागला. बजाज ऑटो आकुर्डीला आली, फिरोदियांची बजाज टेम्पो आली, टेल्कोने १९६६ च्या सुमारास चिंचवड-भोसरीच्या माळावर पाय रोवले. सुमंत मूळगावकरांनी त्या उजाड माळावर यंत्रांच्या आधी झाडे लावली आणि तळे केले, ही कथा पुण्यात अजूनही कौतुकाने सांगितली जाते, आणि ती खरी आहे.

या ओघाला वाट करून दिली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने. १९६१ चा कायदा आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेले हे महामंडळ, म्हणजे आपल्या बोलीतली एमआयडीसी. तिने शेतकऱ्यांकडून जमीन संपादित केली, भूखंड पाडले, रस्ते केले, पवना नदीचे पाणी उचलून कारखान्यांच्या दारापर्यंत नेले. येथे बर्मिंगहॅम आणि पिंपरी यांची वाट वेगळी झाली. चेंबरलेनला पाण्यासाठी नगरपालिका काबीज करावी लागली. आकुर्डीच्या उद्योजकाला पाणी, रस्ता, जमीन हे सर्व राज्य सरकारच्या एका महामंडळाकडून एका अर्जावर मिळत होते. त्याला गावाची गरज नव्हती. त्याचा संबंध सचिवालयाशी होता, दिल्लीच्या परवान्यांशी होता. ग्रामपंचायतीशी असला तर तो कटकटीपुरता.

ज्यांच्याकडे राज्याचे महामंडळ नव्हते त्या आधीच्या पिढीच्या मराठी उद्योजकांचे वागणे याहून निराळे होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावच्या कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी घेण्याचे तिथल्या नगरपालिकेने ठरविले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जागा देऊ केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नगरपालिकेने घालविलेल्या माणसाने स्वतःचे गावच उभारले. त्या गावाला रस्ते, घरे, शाळा होती, पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली एक मासिकही होते, ज्याने मराठी वाचकाची एक पिढी घडविली. तेथे नगराध्यक्षाच्या निवडणुकीचा प्रश्न नव्हता. मालक हाच गावचा कर्ता होता. वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर ही त्याचीच मोठी आवृत्ती. अशा गावांत पितृभाव होता तसाच पितृभावाचा जाचही असणार, पण मालक आणि गाव एकमेकांना ओळखत होते. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्याभोवती भिंत आली आणि भिंतीच्या आत वसाहत आली. राहुल बजाज आयुष्याचा मोठा काळ आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच राहिले, हे त्यांच्याविषयी आदराने सांगितले जाते आणि ते आदरास पात्रही आहे. एवढे असूनही ते लोकप्रतिनिधी झाले ते २००६ साली, राज्यसभेत, अपक्ष म्हणून. घराबाहेरच्या रस्त्यावरच्या प्रभागातून नव्हे. उद्योगपतीने थेट मतदारांपुढे जाण्याचे धाडस नवल टाटांनी १९७१ साली दक्षिण मुंबईत करून पाहिले होते, ते हरले.

तेव्हा १९७० साली पिंपरी-वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून एक नगरपालिका करण्यात आली, त्या वेळी तिच्या प्रमुखपदासाठी कारखान्यांतून कोणी पुढे येण्याचे कारण नव्हते. कामगारांतूनही कोणी येणे कठीण होते. कामगार नुकता आलेला होता. तो सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, केरळ अशा चहूकडून आला होता. त्याचे मतदान, त्याची जत्रा, त्याचे लग्नकार्य अजून मूळ गावीच होते. उरले ते गाववाले. परंतु चार गावांतल्या कोणाही एकाला अध्यक्ष केले तर उरलेली तीन गावे रुसणार. अशा परिस्थितीत बाहेरचा, पण परका नसलेला माणूस सोयीचा ठरतो. अण्णासाहेब मगर तसे होते. पुण्याच्या भोवतीच्या हवेली तालुक्यातील शेतकरी समाजाला ते आपले होते आणि तरीही चार गावांपैकी कोणत्याही एका गावचे नव्हते.

हडपसर हे कोणत्या प्रकारचे गाव होते हे जाणल्याशिवाय या निवडीचा अर्थ पुरता उमगत नाही. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठेचा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बाजूला आला आणि हडपसर-मांजरीच्या शिवारात बागाइती आली. ऊस, भाजीपाला, फळे. शेजारी पुण्याची बाजारपेठ. कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस कळतो, कालव्याच्या शेतकऱ्याला पावसाबरोबर सरकारही कळते. पाळीपत्रक, पाणीपट्टी, पाटकरी, अर्ज, अपील यांतून त्याचे एक प्रशासकीय शिक्षण होत असते. त्यावर साखर कारखान्याची निर्मिती म्हणजे तर त्या शिक्षणाची पदवीच. प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास जो प्रयोग सिद्ध केला त्याच्या पाठोपाठ महाराष्ट्रभर सहकारी कारखाने निघाले. असा कारखाना काढायचा म्हणजे गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करायचे, केंद्राचा परवाना मिळवायचा, राज्य सरकारची हमी आणि वित्तसंस्थेचे कर्ज मिळवायचे, यंत्रसामग्री आणायची, ऊसतोडणीच्या टोळ्यांशी करार करायचे, आणि हे सर्व करताना एका सभासदाला एक मत या नियमाने दर काही वर्षांनी निवडूनही यायचे. आमच्या मते नगरपालिका चालविण्याची याहून चांगली तालीम त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरी नव्हती. कंपनीचा मालक उत्तम हिशेब ठेवील, पण चार गावांच्या चार पाटलांना एका सतरंजीवर बसविण्याची कला त्याला शिकावी लागलेली नसते.

शिवाय १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाखालील नगराध्यक्षाच्या खुर्चीला तुलनेने अधिक वजन होते. महानगरपालिकेचा महापौर हा, १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यानुसार, मानाचा धनी असतो. कारभार आयुक्ताचा आणि तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. नगराध्यक्षाला प्रत्यक्ष कारभारात हात घालता येतो. पिंपरी-चिंचवडच्या सत्ताधाऱ्यांची नंतरची मिरवणूक आणि पहिल्या नगराध्यक्षांचे काम यांची तुलना करताना हा फरक बहुतेक लोक विसरतात.

नव्या नगरपालिकेपाशी एक गोष्ट होती जी हडपसरच्या शेतकऱ्याने स्वप्नातही पाहिली नसेल, ती म्हणजे जकात. कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक मालावर नगरपालिकेचा हक्क. पोलादाची पट्टी, रबर, रसायन, जे येईल ते जकात नाक्यावर थांबणार. कारखाने वाढले तशी तिजोरी फुगली, इतकी की 'आशियातील सर्वांत श्रीमंत नगरपालिका' हे वाक्य पुण्यात म्हणीसारखे झाले. ते कितपत तंतोतंत खरे होते याची शहानिशा करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. म्हण झाली की पुरावा लागत नाही. पिंपरी-चिंचवडचे रुंद रस्ते, जे पाहून पुणेकर अजून हळहळतात, ते या जकातीच्या पैशांचे. ही व्यवस्था २०१३ सालपर्यंत टिकली. त्या वर्षीच्या एप्रिलपासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कराने तोही गिळला. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे या शहरात अशी स्थिती होती की खर्चाचा पैसा कारखान्याच्या फाटकावर जमा होत होता आणि तो कसा खर्च करायचा ते ठरविणारी मते गावठाणात आणि झोपडपट्टीत होती. पैसे देणाऱ्याने कारभारात रस घेतला नाही, आणि कारभार करणाऱ्याला पैसे देणाऱ्याचे तोंड पाहावे लागले नाही. इतका सोयीचा संसार फार थोड्या शहरांच्या नशिबी येतो.

परंतु शेतकऱ्यांचा नेता उद्योगनगरीचा प्रमुख होतो तेव्हा त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते या साऱ्या चरित्राचा मर्मबिंदू तो आहे. शहर वाढवायचे तर शेती घ्यावी लागते. अण्णासाहेबांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १४ मार्च १९७२ रोजी, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना परवडणारी घरे देण्यासाठी भोवतालच्या गावांची जमीन घ्यायची, आखीव पेठा करायच्या आणि भूखंड वाटायचे, असा हेतू. हेतूविषयी वाद नाही. निगडी-आकुर्डीच्या पेठांतून फिरणाऱ्याला आजही दिसते की हे नियोजन पुण्याच्या कोणत्याही उपनगरापेक्षा सरस होते. परंतु ज्यांची जमीन गेली त्यांना मिळालेला मोबदला आणि त्या जमिनीची पुढे झालेली किंमत यांतले अंतर इतके वाढत गेले की ते एका पिढीच्या मनात रुतून बसले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी ही त्या पहिल्या संपादनातील शेतकऱ्यांची मागणी अनेक दशके चालू राहिली. दरम्यान २०२१ साली प्राधिकरणच विलीन होऊन गेले. ज्याच्याकडे अर्ज करायचा ते कार्यालय नाहीसे झाले, अर्ज उरले.

साखर कारखान्याच्या रचनेत शेतकरी भागधारक असतो. त्याचा ऊस जातो, जमीन राहते, आणि कारखान्याच्या नफ्यातोट्यात त्याचे नाव असते, निदान कागदावर तरी. एमआयडीसी आणि प्राधिकरण यांच्या रचनेत शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावरून एकदाच कमी होते आणि पुन्हा कुठेच येत नाही. ही दोन टोके ज्या माणसाच्या हाताखालून गेली त्याला हा विरोध जाणवला असेलच. तरीही हा माणूस सोलापूर रस्त्यावर पहिल्या रचनेचा कर्ता होता आणि मुंबई रस्त्यावर दुसऱ्या रचनेवर उभ्या राहणाऱ्या शहराचा प्रमुख. त्यांना शहराचे 'शिल्पकार' म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला तो शब्द पुरेसा वाटत नाही. शिल्पकाराला दगडाची तक्रार ऐकावी लागत नाही.

अण्णासाहेब १९७७ साली खेड मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. शेजारच्या पुणे शहरात मोहन धारिया जनता पक्षातर्फे विजयी झाले होते. शहरी मध्यमवर्ग एकीकडे आणि सहकाराच्या जाळ्यात विणलेला ग्रामीण मतदार दुसरीकडे, हे चित्र त्या वर्षी पुणे जिल्ह्याच्या नकाशावर स्पष्ट उमटले. चाकण ज्या तालुक्यात आहे तो खेड तालुका तेव्हा कांद्याच्या बाजारासाठी ओळखला जात होता. पुढे त्याच चाकणच्या माळावर जर्मन मोटारींचा कारखाना उभा राहील हे त्या मतदारांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, आणि १९८६ च्या पहिल्या निवडणुकीनंतर ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले. त्यानंतरच्या महापौरांची यादी चाळली तर लांडगे, वाघेरे, लांडे, धराडे, काळजे, जाधव, ढोरे अशी आडनावे वारंवार भेटतात. ही आडनावे मूळ गावांची आहेत. भोसरी, पिंपरी, चऱ्होली, चिखली, सांगवी यांच्या सातबाऱ्यावरची. कारखान्यांच्या नामफलकांवरील एकही नाव या यादीत नाही. मधल्या काळात गाववाल्यांचे अर्थकारण बदलले होते. जमिनीचा काही भाग संपादनात गेला, उरलेल्याचे गुंठे पडले. मोबदल्यातून ट्रक आले, जेसीबी आले. कारखान्याच्या दारातून निघणाऱ्या भंगाराचा ठेका, कॅन्टीनचा ठेका, मजूर पुरविण्याचा ठेका मिळू लागला. शेतकरी, मग ठेकेदार, मग बांधकाम व्यावसायिक, मग नगरसेवक, अशी शिडी तयार झाली. या अर्थाने पाहिले तर या शहरालाही अखेरीस उद्योजक नगरप्रमुख मिळाले, पण त्यांचा उद्योग जमीन हा होता. सर्वांना ही शिडी पहिल्या पायरीपासून मिळाली असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये महापौर झालेले जाधववाडीचे राहुल जाधव यांनी पूर्वी रिक्षा चालविली होती. वृत्तपत्रांना 'रिक्षाचालक झाला महापौर' ही बातमी फार आवडली. तिच्यातला अर्धा भाग मात्र मथळ्यात मावला नाही. शेतकऱ्याच्या मुलाने रिक्षा चालवायची वेळ का आली, हा प्रश्न त्या गावांच्या शिवाराचा इतिहास जाणणाऱ्यालाच सुचला असता.

पहिल्या अर्थाचा कारखानदार निवडणुकीत यशस्वी झाल्याचे एक ठळक उदाहरण या पट्ट्यात आहे खरे. शिवाजीराव आढळराव पाटील हे इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात स्वतःचा उद्योग उभारलेले गृहस्थ २००४ साली खेडमधून आणि पुढे मतदारसंघ बदलल्यावर २००९ व २०१४ साली शिरूरमधून लोकसभेवर गेले. पण लोकसभेत जाण्याआधी ते भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. यंत्राच्या कारखानदाराला मतदाराच्या दारी जाण्यासाठी साखरेच्या कारखान्याचा उंबरा ओलांडावा लागला, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

आणि मग पाणी. चेंबरलेनचा प्रश्न पिंपरी-चिंचवडपुढे आला, पण कितीतरी उशिरा आणि उलट्या रूपात. वाढत्या शहरासाठी पवना धरणातून थेट बंद जलवाहिनी आणण्याची योजना महापालिकेने आखली. नदीतून वाहणारे पाणी नळात गेले तर आमच्या शेतीचे काय, असे मावळातील शेतकऱ्यांनी विचारले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मरण पावले. योजना वर्षानुवर्षे ठप्प झाली. शेतकऱ्यांच्या नेत्याने घडविलेल्या शहराच्या तहानेपायी शेतकऱ्यांचे बळी गेले, या घटनेवर भाष्य करण्याची आम्हांला आवश्यकता वाटत नाही. ती घटना या शहराच्या प्रत्येक इतिहासात यायला हवी एवढेच म्हणतो. गौरवग्रंथांत ती येत नाही.

इकडे सोलापूर रस्त्यावर मात्र काही निराळे घडले. हडपसरच्या मगर मंडळींची शिवारे पुण्याच्या विकास आराखड्यात शहरी वापरासाठी आली तेव्हा त्यांनी ती बिल्डरला विकली नाहीत आणि संपादनाची वाटही पाहिली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले. मगरपट्टा सिटी या नावाने हे नगर २००० सालापासून उभे राहू लागले. भाग, सभासद, अध्यक्ष ही साखर कारखान्याची भाषा येथे कंपनी कायद्याच्या वेशात परतली होती. या यशाने अनेकांना भुरळ घातली. खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेताना शेतकऱ्यांना पंधरा टक्के विकसित जमीन त्यांच्याच कंपनीच्या रूपाने परत देण्याचे ठरले होते, ते बहुधा याच वाऱ्याने. पण मगरपट्ट्यात जमीन एकत्र करणारे एकाच कुळाचे, एकमेकांना ओळखणारे आणि शहराच्या दाराशी उभे असलेले लोक होते. खेडच्या माळावरील शेतकऱ्यांच्या हाती कंपनीचे भाग आले तरी त्या भागांचे काय करायचे हे कळेना, आणि जमिनीसाठी पुन्हा मोर्चे निघू लागले. भागधारक होणे ही कागदावरची गोष्ट नसून सवयीची गोष्ट आहे, आणि ती सवय कालव्याच्या काठी तीन पिढ्यांत लागलेली असते.

चाकणच्या पट्ट्यात तर १९७० च्या आधीची पिंपरीच पुन्हा पाहायला मिळते. आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे कारखाने आणि भोवती म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी अशा ग्रामपंचायती. चाकणला स्वतःची नगरपरिषद मिळाली ती २०१५ साली. २०२५ मध्ये या परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिका करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या चर्चेत सरपंच होते, आमदार होते, वाहतूककोंडीला कंटाळलेले उद्योजकांचे संघही होते. संघ निवेदने देत होते.

अण्णासाहेबांचे नाव दोन्ही रस्त्यांवर आहे. हडपसरला महाविद्यालय, मांजरीला उपबाजार, पिंपरीत नेहरूनगरला क्रीडांगण. करोनाच्या साथीत, ऑगस्ट २०२० मध्ये, त्या क्रीडांगणावर तंबूंचे जम्बो रुग्णालय उभारण्यात आले आणि काही महिने ते नाव रोज रुग्णसंख्येच्या बातम्यांतून वाचले जाऊ लागले. मगर कोण, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. थेऊरचा यशवंत कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. कर्ज, गैरव्यवस्थापन, निवडणुकाच नसणे, अशी कारणे सांगितली जातात आणि ती इतर बंद कारखान्यांच्या कारणांहून वेगळी नाहीत. सभासदांची संख्या हजारोंच्या घरात, गाळप शून्य. २०२५ साली कारखान्याची जवळपास शंभर एकर जमीन पुण्याच्या बाजार समितीला सुमारे तीनशे कोटी रुपयांना विकून देणी भागवावीत, असा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळापर्यंत गेला. काही सभासद त्याच्या बाजूने आहेत, काही न्यायालयात गेले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की जमीन राहिली तर कारखाना केव्हातरी पुन्हा सुरू होईल. बाजूने बोलणारे पुण्याकडे बोट दाखवितात. सोलापूर रस्त्यावरचे नवे मजले आता थेऊरच्या शिवारातून दिसतात.